कुणाचे दोन वाजले?

१

भिंतीवरच्या घड्याळाला तासाचे काटे दोन होते, एक काळा आणि एक लाल. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन दुपारनंतर थेट त्या भिंतीवर येत असावं, कारण तबकडी कडेने चहाच्या डागासारखी पिवळी पडली होती आणि काळ्या काट्यावर राखाडी छटा आली होती. घड्याळाखाली जत्रेत मिळालेली एक लाल फीत टाचणीने लावली होती. तिचा रंग विटून कलिंगडाच्या सालीजवळच्या गरासारखा झाला होता. लाल काटा मात्र नुकत्याच चिरलेल्या बिटासारखा लाल होता, बारीक चमकीचा.

लेटा हॅचरने एवढं पाहिलं आणि ती खुर्चीवर बसली. तिने बारा वर्षं सरकारी प्रयोगशाळेत अपघातातल्या गाड्यांचे रंग तपासले होते. आता राजधानीतल्या एका ऑफिसासाठी ती तपासाची कामं करत असे. वकिलाचे पैसे ज्यांना परवडत नाहीत, अशांची अपिलं ते ऑफिस लढवी. आज ती हरवलेल्या एका तासाच्या शोधात बेल्स फोर्कला आली होती. त्या तासासोबत एका आईची पाच वर्षांची मुलगी जाऊ घातली होती.

आईचं नाव ट्रेवा आणि मुलीचं ओपल. पाठीच्या दुखण्यासाठी घेतलेल्या गोळ्यांचं ट्रेवाला व्यसन लागलं, तेव्हा सरकारी खात्याने ओपलला दुसऱ्या घरी ठेवलं. ट्रेवा त्यातून बाहेर आली, नोकरीला लागली, तरी कोर्टाने तिचे आईचे हक्क कायमचे संपवले. त्यावर अपील करायचं होतं. अपिलाच्या कागदावर आईची स्वतःची सही लागते आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी, कागद घेणारी खिडकी बंद होण्याआधी, तो कोर्टात द्यावा लागतो. वकील आर्लिस प्रेविट कागद घेऊन पोचला तेव्हा खिडकी बंद झाली होती.

खिडकी चारला बंद होते, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. गोंधळ होता तो दोनचा.

कोर्ट होतं हार्मन गावात. गेल्या शरदात हार्मनच्या जिल्ह्याने मतदान घेऊन आपली घड्याळं एक तास पुढे नेली. ओढ्याच्या अलीकडचा बेल्स फोर्क दुसऱ्या जिल्ह्यात येतो. त्यांनी नेली नाहीत. ‘पुढची वेळ’ आणि ‘मागची वेळ’ हे शब्द या डोंगरांत आजोबांच्या काळापासून होते. दोन वेळांमधली रेषा तेवढी सरकून ओढ्यावर आली होती.

प्रेविटने शपथेवर लिहून दिलं होतं की त्याच्या ऑफिसात सगळ्या वेळा कोर्टाच्या, म्हणजे पुढच्या वेळेने देतात. जिल्ह्याची वेळ बदलली त्याच आठवड्यात त्यासाठी घड्याळाला लाल काटा बसवला होता. ट्रेवाला सहीसाठी दोनला बोलावलं होतं. ती तासभर उशिरा आली, मग कितीही गाडी हाणली तरी उपयोग झाला नाही.

ट्रेवाचं म्हणणं एका वाक्याचं होतं. मी दोनला गेले होते.

न्यायाधीश इमोजीन टॅकेट यांना ठरवायचं होतं की चूक कुणाची. वकिलाची असेल तर उशिराचं अपील घेता येत होतं. आईची असेल तर दार बंद, आणि ओपलला दत्तक देण्याचं काम पुढे सरकणार. बाईंनी निकाल वसंतात राखून ठेवला होता. आता ऑगस्ट सरत आला होता आणि शुक्रवारी शेवटची सुनावणी होती.

२

प्रेविटची सेक्रेटरी नोरीन ही त्याच्या दिवंगत बायकोची बहीण. ऑफिस तिच्या तालावर चालतं हे आत पाऊल टाकताच कळत होतं. तिने लेटापुढे गोड गार चहाचा ग्लास ठेवला आणि राजधानीत असला चहा मिळत नसेल, असंही ऐकवलं. लेटा म्हणाली की आपण पलीकडच्याच खोऱ्यातल्या. तेव्हा नोरीनचा चेहरा जरा सैलावला.

मग ती आर्लिसबद्दल बोलू लागली आणि थांबेचना. चाळीस वर्षं वकिली, एकही मुदत चुकली नाही. अपील नेहमी शेवटच्या दिवशी, स्वतःच्या हाताने नेऊन द्यायचं, ही त्याची ऐट. एरवी कागद आठवडाभर आधी तयार असत. ट्रेवा उशिरा आली हे सांगताना मात्र तिची वाक्यं तोकडी झाली.

लेटाने फितीकडे बोट दाखवून ती कसली, असं विचारलं.

“माझ्या सुक्या सफरचंदाच्या केकची. दुसरा नंबर. पहिला कोर्टातल्या त्या कारकुनाच्या, वेडच्या बायकोला दिला. ती केक करत नाही हो, साखर रचते नुसती.”

“कधीपासून आहे इथे?”

“जत्रा संपली तेव्हापासून. वेळ बदलली ना, तोच आठवडा.”

लेटाने मान हलवली. एकाच भिंतीवर, एकाच उन्हात, एकाच आठवड्यापासून दोन लाल रंग होते. कापडाचा रंग वेगळा आणि पत्र्यावरचा वेगळा, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे ती स्वतःलाच बजावत होती. पण उन्हात लाल आधी विटतो. तिच्या बारा वर्षांत तिने याला अपवाद क्वचितच पाहिला होता.

तेवढ्यात अग्निशमन ठाण्याचा भोंगा वाजला. बेल्स फोर्कमध्ये तो रोज दुपारी वाजतो आणि लोक त्यावर जेवायला उठतात. नोरीन वाक्य अर्धवट सोडून उठली आणि तिने दारावरची ‘जेवायला गेलो’ची पाटी फिरवली. तिची नखं झगझगीत लाल होती, त्यात बारीक चमकी होती. आतल्या खोलीतून आर्लिस प्रेविट टोपी घालत बाहेर आला. उंच, ताठ, सत्तरीचा माणूस. त्याने लेटाला अदबीने नमस्कार केला आणि पलीकडच्या खानावळीत घेवड्याची उसळ आणि मक्याची भाकरी आहे, यायचं असेल तर या, म्हणाला.

लेटाने घड्याळाकडे पाहिलं. काळा काटा बारावर होता. लाल काटा एकवर होता आणि त्याच्याकडे दोघांपैकी कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

३

ट्रेवा लाकडाच्या गिरणीत फळ्यांची प्रत ठरवायची. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती ओंडक्यावर बसून तळलेल्या मांसाचं सँडविच खात होती. लेटाला बसायला तिने हातानेच भुसा झाडून जागा केली. अंगकाठी लहान, पण मान अशी ताठ की जणू गिरणी तिचीच असावी.

लेटाने मुद्दाम तोंडावर विचारलं. उशीर झाला असेल तर आताच सांगून टाक, लपवून काही मिळणार नाही.

ट्रेवा चिडली नाही. खात्याचा वकीलही हेच म्हणाला होता, तिने सांगितलं. उशीर झाला हे मान्य कर, भांडण मिटव, मग ओपलच्या नव्या घरातून वर्षाला एक फोटो पाठवायची सोय करतो.

“मग?”

“मी म्हटलं, नको.”

“फोटोसुद्धा नको?”

ट्रेवाने सँडविच कागदात गुंडाळून ठेवलं. “लेटाबाई, गोळ्यांपायी मी पोरीला उपाशी झोपवलंय. ते भर कोर्टात माझ्या तोंडाने सांगितलंय, कुणी विचारायच्या आधी. जे केलं ते केलं म्हणते. जे केलंच नाही ते कसं म्हणू? उद्या ओपल मोठी होऊन विचारेल, आई तू आली का नाहीस वेळेवर. तेव्हा एका फोटोसाठी खोटं बोलले होते, असं सांगू तिला?”

 लेटाला लोकांची कीव करायला आवडत नसे आणि या बाईने ती वेळच येऊ दिली नव्हती.

मग तिने त्या दिवसाची एकेक गोष्ट विचारून घेतली. वकील घाईत होता का? नव्हता. डोंगरात जांभळा मोहोर आलाय, पाहिलास का, असं विचारत होता. सही करताना ट्रेवाने घड्याळ पाहिलं होतं का?

“पाहिलं ना, समोरच होतं. दोनला पाचेक मिनिटं कमी होती. तासाचा काटा दोनच्या जवळ.”

“कुठला काटा?”

“कुठला म्हणजे?” ट्रेवाला हसू आलं. “तुमच्या राजधानीत घड्याळाला तासाचे किती काटे असतात?”

४

कोर्टाच्या खिडकीवरचा कारकून वेड याला बेल्स फोर्कमधले अर्धे लोक गुन्हेगार मानत होते. कारण साधं होतं. वेळ पुढे न्यायची की नाही यावर हार्मनला सभा झाली, तेव्हा वेड पुढच्या वेळेच्या बाजूने होता आणि आर्लिस प्रेविट मागच्या. दुसऱ्या जिल्ह्यातला असूनही प्रेविटने त्या सभेत भाषण केलं, माझे अशील तिकडचे, कोर्ट त्यांच्यापासून दूर नेऊ नका, म्हणाला. वेड उठून म्हणाला, प्रेविटसाहेब एक दिवस बंद खिडकीवर येऊन उभे राहतील. सगळं सभागृह हसलं. प्रेविटने ऐकवलं की तुझा बाप पाळण्यात होता तेव्हापासून मला कोर्टाची वेळ कळते. मतदानात त्याची बाजू हरली.

त्यामुळे मुदतीच्या त्या दिवशी वेडने सूड म्हणून खिडकी आधीच लावली, अशी कुजबुज होती. ती लेटाने पाच मिनिटांत निकालात काढली. कोर्टाच्या मनोऱ्यावरचं घड्याळ चारचे ठोके देतं, शिपाई त्या ठोक्यांवर बाहेरचं दार लावतो, आणि त्या दिवशी दार लावल्यावरच प्रेविट आला होता. शिपायाने ओळखीमुळे त्याला आत घेतलं.

वेड गोरामोरा होऊन बसला होता. आपलं बोलणं खरं ठरल्याचा आनंद त्याला झालेला दिसत नव्हता. लेटाने त्याला फक्त एवढंच विचारलं की प्रेविट आला तो कसा आला. धावत?

“छे हो. शीळ घालत आले. हातात कोकची बाटली, त्यात शेंगदाणे टाकलेले, नेहमीसारखे. मी म्हटलं, साहेब, खिडकी बंद झाली. तर हसले.”

“हसले?”

“म्हणाले, वेड, तुझी गंमत पुरे, माझा कागद घे. मी नुसतं खिडकीबाहेर बोट दाखवलं. त्यांनी मान वळवून मनोऱ्याकडे पाहिलं.” वेडने टेबलाच्या कोपऱ्यावर हात ठेवला. “मग बाटली माझ्याच टेबलावर ठेवून गेले. मी ती दोन दिवस तिथून हलवली नाही.”

लेटाने वही मिटली. आता तिला बेल्स फोर्कला परत जायचं होतं, आणि खरं सांगायचं तर जावंसं वाटत नव्हतं.

५

ऊन पश्चिमेच्या खिडकीतून आत आलं होतं. प्रेविट टेबलामागे आणि नोरीन दाराशी बसली होती. लेटा उभीच राहिली. ती आवाज न चढवता बोलू लागली, जशी पूर्वी प्रयोगशाळेचा अहवाल वाचून दाखवत असे.

ती म्हणाली की या प्रकरणात खोटं बोलू शकणारी माणसं चार. वेडने खिडकी आधी लावली असती तर शिपाई आणि मनोरा दोघंही त्याला सामील असायला हवेत. त्याला सोडून देऊ. ट्रेवाला खोटं बोलायचं असतं तर खोटं बोलण्याचा मोबदला मिळत होता, आणि तिने तो घेतला नाही. उरले हे ऑफिस.

अशील तासभर उशिरा आली आणि मुदतीचा शेवटचा दिवस असला, तर वकील काय करेल? गाडी हाणेल, पायऱ्या धावत चढेल. प्रेविटसाहेब वाटेत थांबले, कोक घेतलं, शेंगदाणे घेतले, शीळ घालत आले. खिडकी बंद म्हटल्यावर हसले. हातात अजून भरपूर वेळ आहे असं वाटणारा माणूसच तसा हसतो. म्हणजे त्यांच्या लेखी ट्रेवा वेळेवर आली होती.

“आता घड्याळ,” लेटा म्हणाली. “हे ऑफिस कोर्टाच्या वेळेने चालतं असं तुम्ही शपथेवर लिहिलंत. पण तुम्ही दोघं जेवायला उठता ते इथल्या भोंग्यावर. परवा भोंगा झाला तेव्हा तो लाल काटा एकवर होता. त्याच्यावर चालणारं ऑफिस तासभर आधीच जेवून आलं असतं. आणि ट्रेवाने सही केली तेव्हा घड्याळाला तासाचा एकच काटा होता. ती फीत बघा, म्हणजे दहा महिन्यांच्या उन्हात लाल रंगाचं काय होतं ते कळेल. काटा दहा महिन्यांचा नाही. त्याला लावलेला रंग नखांना लावायचा आहे, चमकीसकट.”

नोरीनने हात मांडीवरच्या रुमालाखाली घेतले.

“काटा मी केला,” ती म्हणाली. “डब्याच्या पत्र्याचा. त्यांना माहीत नव्हतं.”

“मला दिसला होता, नोरीन,” प्रेविट म्हणाला. “दुसऱ्याच दिवशी दिसला. आणि मग मी त्याच्यावर शपथ घेतली.”

 पुढचंही त्यानेच सांगितलं, कुणाला उद्देशून नव्हे, खिडकीकडे पाहत. चाळीस वर्षं इथले चार ते कोर्टाचे चार होते. वेळ बदलल्यावर सगळा हिवाळा तो मनात एक तास मिळवत राहिला, एकदाही चुकला नाही. त्या दिवशी जांभळा मोहोर आला होता आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा त्याला बरं वाटत होतं. तो तास मिळवायचा राहिला. दुसरं कुणीही असतं तर त्याने चूक कबूल केली असती. पण वेडने ती आधीच, सगळ्या सभागृहासमोर सांगून ठेवली होती.

“शुक्रवारी तुम्ही हे सगळं मांडणार,” तो म्हणाला.

“मांडीन. पण मी मांडलं तर वाद होईल. कापडाचा रंग, पत्र्याचा रंग, यावर खात्याचा वकील अजून एक हिवाळा काढेल. तेवढ्यात ओपल दुसऱ्याच्या नावावर होईल. तुम्ही सांगितलंत तर वाद उरत नाही.”

“माझी सनद जाईल.”

“जाऊ शकते.”

तो टेबलाची कड बोटांनी चाचपत होता. लेटाने मग एकच गोष्ट सांगितली, जी त्याला माहीत नसावी असा तिचा अंदाज होता. खात्याने ट्रेवाला वर्षाला एक फोटो देऊ केला होता, उशीर मान्य केला तर.

प्रेविटने मान वर केली. “काय म्हणाली ती?”

“म्हणाली, जे केलंच नाही ते कसं म्हणू.”

लेटाने टोपी उचलली. दारातून तिने मागे पाहिलं तेव्हा म्हातारा खुर्चीवर चढून घड्याळ भिंतीवरून उतरवत होता, आणि नोरीन खुर्ची धरून उभी होती. ते घड्याळ कोर्टात येणार होतं की ओढ्यात जाणार होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

६

शुक्रवारी शिपाई कोर्टाचं दार उघडायला आला तेव्हा आर्लिस प्रेविट पायरीवर बसला होता. इस्त्रीचा कोट, शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी गोल. तो कधी आला ते कुणालाच माहीत नव्हतं.

ट्रेवा गिरणीच्या बुटांवर आली होती, पण केस नीट वर बांधले होते. ती प्रेविटच्या समोरून गेली तेव्हा तो उठून उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. तिने फक्त मान हलवली. क्षमा तिने केली नव्हती आणि त्यानेही मागितली नव्हती. मागायची ती सगळ्यांसमोर, असं त्याने ठरवलं होतं.

न्यायाधीश टॅकेट आसनावर बसल्या. खात्याचा वकील बोलायला उठला आणि आईची बेपर्वाई हा शब्द त्याने तीनदा वापरला. ट्रेवा समोर पाहत राहिली. मग बाईंनी विचारलं की आणखी कुणाला काही सांगायचं आहे का. लेटाने आपले कागद पुढे ओढले, पण उघडले नाहीत.

मागच्या बाकावरून प्रेविट उठला. मधल्या वाटेने, शीळ न घालता, सावकाश पुढे आला. त्याने वर्तमानपत्र सोडलं आणि घड्याळ टेबलावर ठेवलं. तासाचा काटा एकच होता, राखाडी पडलेला. लाल काटा त्याने खिशातून काढून शेजारी ठेवला.

“बाईसाहेब, मी दोन वाजता ये म्हणालो, ते मागचे दोन. ती आली, दोनच्या आधी आली. तुमचे चार कोणते ते मी विसरलो. मग मी शपथेवर खोटं लिहिलं. हा काटा नंतरचा आहे. कुणी केला ते विचारू नका, वापरला मी.” तो थांबला. मग मागे वळून त्याने ट्रेवाकडे पाहिलं. “तुला उशीर झाला नव्हता, पोरी. मला झाला.”

खिडकीवरचा वेड काम सोडून दारात येऊन उभा होता. कुणी हसलं नाही. ट्रेवाची मान होती तशीच ताठ होती, फक्त तिने बाकाची कड घट्ट धरली होती.

न्यायाधीश टॅकेट यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. समोरचा टाचलेला निकालाचा मसुदा त्यांनी एकदा चाळला आणि बाजूला ठेवला. मग त्यांनी मनोऱ्याच्या बाजूच्या खिडकीकडे पाहिलं, टेबलावरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि वसंतापासून अडून राहिलेलं त्यांनी मोठ्याने, प्रत्येक शब्द सुटा करून सांगितलं.

“चूक वकिलाची आहे, आईची नाही. दत्तकाचं काम थांबवा. हिचं अपील घेतलं जाईल. सही करून तिने ते आज चारच्या आत खिडकीवर द्यावं.” त्या क्षणभर थांबल्या. “कोर्टाचे चार.”